माझा रात्रीचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना किमान तापमापक आहे. शिंदखेड्याजवळच्या एका शेतकी शाळेच्या आवारात, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मी आडवा पडलेला असतो. रात्र किती गार झाली, ते मी सांगतो. पण विचारतो कोण! शेजारचा कमाल तापमापक पंचेचाळिसाला टेकला की त्याचा आकडा गावभर होतो.

मला रोज वाचणारा माणूस एकच, कौतिक आबा. तीस वर्षे त्यांनी मला मऊ फडक्याने पुसले, माझा आकडा वहीत उतरवला. पण हळूहळू तो आकडा शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा जास्त चढू लागला आणि आबांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. सूर्यच जास्त तापतोय, निसर्गाचे चक्र आहे, असे त्यांचे ठाम मत. मग दिवसापेक्षा रात्रीचे तापमान जास्त कसे वाढेल? तर म्हणे मीच बिघडलो! निवृत्तीला आठ दिवस उरले असताना माझ्या दहा वर्षांच्या नोंदी खोडायला त्यांनी लाल पेन काढले. मला असा राग आला म्हणून सांगू!

विज्ञान शिकवणाऱ्या कामिनीताई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "आबा, आधी त्याची परीक्षा घ्या. वितळत्या बर्फात त्याने शून्य दाखवले नाही, तर खुशाल खोडा."

रसवंतीवरून बर्फ आला. आबांनी तो स्वतः कुटला, थोडे पाणी घातले आणि मला आत उतरवले. शाळेची पोरे श्वास रोखून वाकली. माझ्यातली बारीक सळी सरकू लागली. दहा, पाच, दोन... आणि बरोबर शून्यावर थांबली! मित्रांनो, मला नाचता येत असते तर मी तिथेच नाचलो असतो.

मग ताईंनी समजावले. सूर्य तापला असता तर दिवसाचे तापमान जास्त चढले असते. उपग्रह सूर्यावर नजर ठेवून आहेत, त्याची आच वाढलेली नाही. निसर्गाचे चक्र म्हणाल, तर मोठा ज्वालामुखी पृथ्वीला काही काळ गारच करतो. कोळसा, डिझेल जाळून निघणारा वायू मात्र गोधडीसारखी ऊब धरून ठेवतो, म्हणून रात्री निवत नाहीत. जगभरच्या नोंदी हेच सांगतात.

आबांनी मला बर्फातून बाहेर काढले. मग हळूच म्हणाले, "ह्यानं काईच चुकनं नही, पोरी. चूक मन्हीच शे."

त्यांनी लाल पेन खिशात ठेवले आणि मला पुसून पुन्हा पेटीत निजवले. वहीत लिहिले, 'किमान तापमापक तपासला. बरोबर आहे.' खाली सही केली.

मित्रांनो, आम्हाला जपा. आमचा आकडा नकोसा वाटला तरी खोडू नका. तो का चढला, ते शोधा आणि कोळसा, डिझेल कमी जाळा. रात्री पुन्हा गार होऊ लागल्या, तर ती बातमी सगळ्यांत आधी मीच देणार आहे!