कुरकुरणाऱ्या चाकाची बाबागाडी

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. सध्या माझा मुक्काम सायकल दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या कोपऱ्यात असतो. माझ्या कुशीत आता पंक्चर झालेल्या ट्यूबा झोपतात. त्या रडत नाहीत, एवढीच काय ती सोय!

माझा जन्म याच दुकानातला. आपल्याला बाळ होणार म्हटल्यावर दुकानदाराने जुन्या सायकलींचे भाग जमवून मला हौसेने जोडले. त्याच्या बायकोने गादी शिवली. ती गादीवर हात फिरवत गुणगुणायची. काय सुखाचे दिवस होते ते!

मग मुलगी झाली. दुकानदार दिवसभर दुकानात आणि घरात बायको एकटी, अर्धवट झोपेत, रडणाऱ्या बाळाजवळ. लग्नाआधी ती कधीमधी दारू घ्यायची, पण गरोदरपणात तिने थेंबालाही स्पर्श केला नव्हता. आता मात्र 'एक घोट घेतला तर जरा बरं वाटेल' म्हणून सुरुवात झाली आणि पुढे घोटावाचून तिचे हात थरथरू लागले. बाटली ती माझ्या गादीखाली लपवायची. वर बाळ आणि खाली बाटली! मला तेव्हा फार वाईट वाटे.

माझे मागचे चाक भयंकर कुरकुरायचे. सायकलवाल्याच्याच घरची गाडी कुरकुरते म्हणून शेजारी हसत. दुकानदार तेलाची बुधली घेऊन आला की ती म्हणे, "राहू द्या हो, त्या आवाजानेच झोपते ती." खरे कारण वेगळे होते. चाकाच्या त्या आवाजात बाटलीची खळखळ बुडून जाई.

एका रविवारी ती आंघोळीला गेली असताना त्याने गुपचूप चाकात तेल घातले. नंतर तिघे फिरायला निघाले. मी लोण्यासारखी चालले. आणि गादीखालून खळखळ ऐकू आली.

त्याने बाळाला उचलले, गादी वर केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता बाळाला माझ्यापासून दूर नेणार ना?"

तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. "गावभरच्या सायकलींची दुखणी ओळखतो मी. तुझंच कसं नाही कळलं गं?"

"रोज सकाळी सोडते हो. दुपारपर्यंत पुन्हा हातात येते."

"मग एकटीनं कशाला सोडतेस? चल, दवाखान्यात जाऊ. आपण तिघंही."

व्यसन काही एका दिवसात सुटले नाही. मध्येच एकदा तिने पुन्हा घोट घेतला, पण या वेळी तिने स्वतःहून सांगितले. तो दुपारी दुकान बंद करून घरी येऊ लागला. डॉक्टरांकडे आमच्या खेपा चालूच राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे आतल्या आत झुरत असेल, तर हसू नका, रागावू नका. जवळ बसा आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. वस्तूंना तेलपाणी लागते, तसे माणसांनाही कोणीतरी विचारावे लागते.

एके दिवशी दवाखान्यातून परतताना तिने आपले हात समोर धरून पाहिले. ते स्थिर होते. तिने बाळाला उचलून छातीशी घेतले आणि घरापर्यंत खाली ठेवलेच नाही. दुकानदार मला रिकामीच ढकलत मागून येत होता. रिकामे असण्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.