दोन पानांचा काढा

माळ्याने पान बोटांत चोळून पाहिलं आणि मान हलवली. "बाई, हे सेज नव्हे. फॉक्सग्लव्ह आहे. पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात."

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातातलं खुरपं गळून पडलं. माळी आला होता लॅव्हेंडरची रोपं वाफ्यात लावून द्यायला. लॅव्हेंडर, थाइम, घशावर गुणकारी सेज, अशी सगळी औषधी रोपं तिने बियांपासून वाढवली होती. पुडीत भलतंच बी मिसळलेलं असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि थोड्याच वेळापूर्वी, घसा बसला म्हणून कुरकुरणाऱ्या नणंदेला तिने त्याच रोपाची दोन पानं उकळून काढा दिला होता.

दोघींचं पटत नाही हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. परवाच भांडणात बाई खिडक्या उघड्या ठेवून ओरडली होती, की एकदाची पीडा टळू दे. नणंदेचं काही बरंवाईट झालं, तर चूक झाली असं कोण म्हणेल? नवरा बोलणार नाही, पण बघेल कसा? रोप उपटून फेकावं आणि गप्प बसावं. कदाचित काही होणारही नाही.

ती आत गेली. नणंद रिकामा कप पुढे करत म्हणाली, की कडू होता, पण बरं वाटलं हो.

"वन्सं, उठा," ती म्हणाली. "मी तुम्हाला विष पाजलंय."

चुकून, हा शब्द तिला सुचलाच नाही.

माळ्याच्या टेम्पोतून त्या दवाखान्यात निघाल्या. रोप कागदात गुंडाळून तिने मांडीवर घेतलं होतं. वाटेत नणंद तिच्या पदरात ओकली.

नणंदेच्या छातीला वायरी लावल्या. ठोके मंद झालेत, पण वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात नवराही धापा टाकत दारात आला. डॉक्टरांनी विचारलं, पानं कुणी तोडली?

तिने कागदात गुंडाळलेलं रोप घट्ट धरलं.

"मीच," नणंद बसक्या आवाजात म्हणाली. "ही नको म्हणत होती."

डॉक्टर गेले. नवरा औषधं आणायला धावला. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

नणंदेने हात पुढे केला. "पाणी दे."

तिने पेला भरला, अर्धं पाणी चादरीवर सांडलं. नणंदेने पेल्यात डोकावूनही पाहिलं नाही. डोळे मिटून, घोट घोट करत, ती सगळं पाणी प्यायली.