चौघांच्या खेळातला पाचवा

मी पाचवा कंट्रोलर बोलतोय. व्हिडिओ गेम खेळताना हातात धरतात, तो. आजवर मी एकही राक्षस मारलेला नाही, एकही दरी ओलांडलेली नाही. तरीही बोलणार, कारण माझ्यात काहीही बिघाड नाही.

या घरात चार भावंडं. थोरला बसचालक, त्याच्या पाठची बहीण परिचारिका, मग मधला आणि शेंडेफळ. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की चौघं सतरंजीवर बसून एकत्र खेळायची. थोरल्याचं लग्न झालं. वहिनी माहेरी या खेळांत तरबेज. म्हणून नणंदेने हौसेने मला आणलं. "वहिनी, हा तुझा. आता आपण पाच!"

खेळाचा नवा भाग आला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत, 'सगळ्यांनी मिळून खेळा.' वहिनीने माझं बटण दाबलं. माझे दिवे लुकलुकले आणि विझले. पडद्यावर आलं, 'खेळाडू पूर्ण.'

"अरे, सगळे म्हणजे चारच?" नणंद ओरडली.

"आपण जरा जास्तच सगळे आहोत," मधला म्हणाला. सगळे हसले. वहिनीही हसली, जरा उशिरा.

शेंडेफळाने कंपनीला खरमरीत तक्रार लिहिली. उत्तर आलं, चार खेळाडूंत खेळाचा समतोल उत्तम राहतो. समतोल! पाचव्याला दाराबाहेर उभं केलं की खोलीत दाटी होत नाही, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवेत? जमत नसेल तर तसं कबूल करा आणि खोक्यावर 'चौघांनी' असं छापा. कोणत्या कारखान्यात माणसं चार-चारच्या गठ्ठ्यांत बनतात, तेही एकदा कळू द्या.

मग घराने नियम केला. जो पडेल त्याने वहिनीला जागा द्यायची. पण हा खेळच मुळी एकमेकांना वाचवायचा. कुणी कोसळला की दुसऱ्याने धावत जाऊन त्याला उठवायचं. भावंडांच्या ते हाडीमाशी भिनलेलं.

"दादा, पडलास! थांब, आले मी!"

"उचल, उचल लवकर!"

दरवेळी उचललं. वहिनी मला धरून वाट बघायची. तिचे अंगठे माझ्यावर उगाच फिरत राहायचे.

"एकदा तरी मरू द्या की रे कुणाला!" ती एकदा म्हणाली. हसून हसून सगळे आडवे झाले. तिच्या तळव्याचा घाम फक्त मला कळला.

यंदा शेंडेफळ नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. रविवारी सतरंजीवर जागा मोकळी. "ये, बस आता," थोरला म्हणाला. ती मला घेऊन बसली, पाठ ताठ करून. तेवढ्यात फोन वाजला.

"सुरू करू नका रे! मी इथून खेळतोय तुमच्यात!"

एकच जल्लोष झाला. पडद्यावरचा चौथ्या खेळाडूचा चौकोन भरला. त्याचं तरी काय चुकलं? तिथे एकटाच राहतो बिचारा.

"जेवलास का रे?" वहिनीने फोनकडे वाकून विचारलं. मग मला सतरंजीवर ठेवून ती उठली.

"कुठे चाललीस?" थोरल्याने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"इथेच."

त्या मोकळ्या जागेवर मी अजून पडून आहे. खेळ बनवणाऱ्यांनो, एक चौकोन वाढवा. तेवढंही होत नसेल, तर निदान माझ्यासारखे पाचवे विकू नका.

आतल्या खोलीतून वहिनीचा आवाज येतोय. तिने माहेरी फोन लावलाय.

"हो आई, मजेत. हे काय, खेळतोय सगळे. ऐकू येतोय ना दंगा?"