बसता येईल असं चिलखत

"आता वाकून दाखवा," कर्नल म्हणाला.

तिने वाकायचा प्रयत्न केला. छातीवरचं कवच हनुवटीत रुतलं, पाठीवरचं वर सरकून शिरस्त्राणाला भिडलं आणि ती होती तशीच, कपाटासारखी उभी राहिली.

"बरं, बसून?"

बसणं तर दूरच राहिलं. ती खुर्चीच्या कडेला नुसती टेकली, तेवढ्यात मांड्यांवरचे तुकडे करकरले आणि कमरेपाशी काहीतरी उसवल्याचा आवाज झाला. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये जमलेल्यांपैकी कुणीतरी खोकलं. ते खोकणं हसू दाबायचं होतं, हे शिरस्त्राणाच्या आतूनही तिला कळलं.

या मंडळींना एकच वेड होतं. परग्रहावरच्या शिपायांची, अंतराळातल्या लुटारूंची चिलखतं घरच्या घरी बनवायची आणि वर्षातून एकदा, मोठ्या प्रदर्शनाच्या मंचावरच्या स्पर्धेत ती घालून चालायचं. त्याआधी या हॉलमध्ये जमून एकमेकांच्या चुका काढायच्या. चुका काढण्यात कर्नलचा हात धरणारा कुणी नव्हता. तो खरा कर्नल नव्हेच, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ. पण वर्षानुवर्षं एकाच सेनापतीचं चिलखत डागडुजी करून घालत आल्यामुळे त्याला हे नाव चिकटलं होतं, आणि जीभही हळूहळू सेनापतीची झाली होती.

त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ताई, कामाला नाव ठेवायला जागा नाही. कुठे सुरकुती नाही, कुठे जोड दिसत नाही. पण हे चिलखत नाही झालं. सोफा झालाय. उत्तम सोफा."

सगळे हसले. तीही हसली. शिरस्त्राणाची काच काळी होती म्हणून बरं.

कर्नल बोलला ते खोटं नव्हतं. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात तिची अर्धी हयात गेली होती. त्या धंद्यात कव्हर कातडीसारखं बसावं लागतं; बोटभर सुरकुती दिसली तरी गिऱ्हाईक काम परत देतं. तोच बाणा तिने इथे चालवला होता. दुकानातल्या फोमच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून, रेक्झिनच्या कात्रणांतून आणि स्कूटरच्या जुन्या दिव्यांतून तिने चंद्रापलीकडच्या एका खाणीची राखणदार उभी केली होती. माप घेतलं होतं आरशासमोर ताठ उभं राहून, श्वास रोखून, पोट आत ओढून. जणू त्या राखणदारणीला जन्मभर श्वास घ्यायचाच नव्हता.

पण घाव कर्नलच्या बोलण्याचा बसला नाही. तो बसला नंतर.

दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक सडपातळ मुलगी त्या मंडळींत होती. ती पुढे आली आणि अगदी मनापासून म्हणाली, "ताई, इतकं भारी झालंय, ते वाया नको जायला. मंचावर मी घालू का? मला ढगळ होईल, पण आतून पट्टे लावू. तुम्हाला उगाच त्रास नको."

कल्पना सगळ्यांना पटली. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं आणि दुखलं ते त्यामुळेच. वाईट बोलणाऱ्याला उत्तर तरी देता येतं.

"बघू," ती म्हणाली.

घरी नणंद आलेली होती. नणंद नवऱ्याहून मोठी, त्यामुळे तिच्या शब्दाला घरात वजन होतं. हॉलमधली हकीकत ऐकून ती म्हणाली, "मी तर पहिल्यापासून सांगत होते. तू शिवावंस, मिरवावं दुसऱ्यानं. या वयात, या अंगानं मंचावर चढायचं म्हणजे लोकांना आयतं हसू."

"अहो वन्सं, राखणदार आहे ती. दार अडवून उभी राहते. काडीसारखी असून कसं चालेल?"

"मग पोतं असून चालेल होय?"

ऐकून घ्यायची सवय तिला जुनीच होती. शाळेपासून तिने एकच वाक्य ऐकलं होतं: जरा सरकून घे. वर्गाच्या फोटोत मागची रांग, लग्नाच्या फोटोत कडेची जागा, बाकावर अर्ध्या मांडीवर बसणं. जन्मात पहिल्यांदा तिने अशी एक बाई घडवली होती, जिचं रुंद असणं हेच तिचं काम होतं. आणि ती बाई होऊन तिला स्वतःला चालायचं होतं, मंचाच्या मधोमध. दुसरी कुणी ते घालून चालली असती, तर ती पडद्याआडून टाळ्या वाजवत राहिली असती. टाळ्या तिने खूप वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून तिने जेवण अर्ध्यावर आणलं. नवरा बस चालवायचा. दिवसभर आरशातून मागची माणसं बघून त्याची नजर तयार झालेली. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"उपास कसला हा?"

"चिलखतात मावायला हवं."

"चिलखत तूच केलंस ना? मग ते तुझं ऐकेल की तू त्याचं?"

तिने ताट सरकवलं आणि ती उठली.

उत्तर मिळालं ते दुकानात. एक गिऱ्हाईक दुसरीकडून तयार कव्हर घेऊन आलं होतं. त्याच्या गाडीची सीट चांगली भरलेली, कव्हर काही केल्या चढेना. गिऱ्हाईक घाईत होतं.

"बाई, गादीच थोडी कापून टाका ना. कव्हर नवंकोरं आहे हो."

"गादी कुणी कापत नाही," ती फटकन म्हणाली. "कव्हर उसवायचं असतं."

बोलली आणि कात्री हातात तशीच राहिली. मालकाने वर पाहिलं, कारण ती गिऱ्हाइकाशी असं कधी बोलत नसे.

मग तिची नजर सीटच्या पाठीकडे गेली. ही मागे कलणारी सीट. पाठ जिथे मोडते तिथे कव्हरला घडी सोडावी लागते, नाहीतर पहिल्याच झटक्याला शिवण जाते. दुकानात नवं माणूस आलं की ती पहिला धडा हाच द्यायची: हलणाऱ्या जागी घडी सोडा. आणि स्वतःच्या अंगावर चढवायच्या वस्तूत तिने एकही घडी सोडली नव्हती. आपलं अंग हलण्यासाठी आहे, हा विचार तिने केलाच नव्हता. ते झाकायचं आणि आवरायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिला स्वतःचाच राग आला आणि रागाबरोबर सडकून भूक लागली.

संध्याकाळी ती पोटभर जेवली. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि नवऱ्याच्या हातात टेप दिली.

"घ्या माप. बसलेलं."

आजवर तिने स्वतःचं माप त्याला सोडाच, शिंपिणीलाही मोठ्याने म्हणू दिलं नव्हतं. त्याने कमरेभोवती टेप धरली आणि तो घुटमळला.

"अगं, बसल्यावर चांगलीच वाढते की."

"वाढणारच. मोठ्याने सांगा."

त्याने सांगितलं. मग वाकलेलं माप, हात वर केल्यावरचं, एक पाय पायरीवर ठेवल्यावरचं. तिने छातीच्या अखंड कवचाचे तीन आडवे पट्टे केले, एकावर एक चढलेले. आत सीटखाली लावतात ते इलॅस्टिकचे पट्टे आणि आकडे बसवले. वाकलं की पट्टे एकमेकांत शिरत, उठलं की जागेवर येत. कापण्याआधी तिने त्यावरून एकदा हात फिरवला, ते कवच फार देखणं होतं म्हणून.

मग ती चिलखत घेऊन थेट कर्नलच्या घरी गेली.

"वाका," तो म्हणाला. ती वाकली.

"बसा." ती बसली.

"आता माझा जिना चढून दाखवा." ती चढली, उतरली, आणि धापा टाकत उभी राहिली. कर्नलने तिचा हात वर धरून बघितला. "काखेत अजून दोन बोटं जागा सोडा. सलाम ठोकताना अडकेल."

"तेवढं राहिलं खरं. सोफ्याला काख नसते ना, कर्नलसाहेब."

कर्नल हसला आणि स्वतः उठून त्याने चहा केला.

"त्या पोरीनं मागितलं, तेव्हा मी बोलायला हवं होतं," कप पुढे करत तो म्हणाला. "चिलखत तुमच्याच मापाचं आहे."

प्रदर्शनाच्या दिवशी मंचामागे तिचे पट्टे आवळले ते त्याच दवाखान्यातल्या मुलीने. "ताई, आता मला दिलंत तरी घालणार नाही," ती म्हणाली. "मी हरवून जाईन यात."

ती मंचावर चढली. छातीवरचे दिवे लागले. परीक्षकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "एका गुडघ्यावर बसून उठा." इथे भल्याभल्यांची चिलखतं दगा देत.

ती खाली गेली. पट्टे एकमेकांत सरकले, कुठेही करकर नाही. गुडघा टेकला, आणि हाताचा आधार न घेता ती उठली. उठताना तिने श्वास रोखला नव्हता. उलट भरपूर घेतला होता. हॉलमधून टाळ्यांचा असा काही कडकडाट उठला की तिला आधी वाटलं, मागून दुसरं कुणी आलं.

निवेदकाने माईक तिच्यापुढे धरला. "काय हो राखणदारबाई, तुम्हाला चुकवून आत जाता येतं का खाणीत?"

"या की. बघा प्रयत्न करून," ती म्हणाली, आणि मंचाच्या मधोमध पाय रोवून उभी राहिली.

पहिला नंबर तिचा आला, दुसरा कर्नलचा. "दुसरा नंबर मला कधी सोसत नाही," तो तिला म्हणाला, "पण आज चालेल." आणि त्याने तिला कडक सलाम ठोकला. तिनेही हात वर नेला. काखेत कुठेही अडकलं नाही.

नवऱ्याची ड्यूटी होती. त्याच्याच बसने घरी जायचं ठरलं होतं. चिलखत उतरवायचं तिच्या मनातच नव्हतं, त्यामुळे ती तशीच, शिरस्त्राण काखोटीला मारून बसमध्ये चढली. मागून प्रदर्शन बघायला आलेली नणंद, हातात करंडक घेऊन. करंडक तिने स्वतःहून मागून घेतला होता आणि वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती, "आमच्या भावजयीचा."

चालकामागचं दोघांचं बाक रिकामं होतं. त्यावरचं हिरवं कव्हर तिनेच शिवलेलं. एरवी ती या बाकावर खिडकीला चिकटून, गुडघे जुळवून बसायची. आज ती मधोमध बसली. पट्टे एकेक करून जागेवर गेले.

पुढच्या थांब्यावर एक गृहस्थ चढले आणि तिच्याकडे बघत घोटाळले. मागून नणंद सवयीने म्हणाली, "जरा सरकून घे गं, त्यांना बसू दे."

तिने मान वळवून मागे पाहिलं. अर्धी बस रिकामी होती.

"मागे जागा आहे," ती गृहस्थांना म्हणाली, आणि हलली नाही.

नवऱ्याने आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.