सुंदरला दुसरा शब्द

गायत्रीच्या ऑफिसात तिला दिवसभर एकच काम असे. साडीचा फोटो बघायचा आणि तिच्याबद्दल इंग्रजीत चार ओळी लिहायच्या. सुरतेत पर्वत पाटियाच्या पुढे कापड मार्केटची एक जुनी इमारत होती, तिच्या चौथ्या मजल्यावर हे ऑफिस. साड्या ऑनलाइन विकल्या जायच्या. कधी पदरावर मोर आणि काठाला लेस, कधी काठाला मोर आणि पदराला लेस. प्रत्येक साडी सुंदर आहे एवढंच सांगायचं होतं, पण दर वेळी निराळ्या शब्दात. हितेनभाई, म्हणजे तिथले मॅनेजर, पहिल्याच दिवशी म्हणाले होते की एक शब्द दोनदा वापरला तर गिऱ्हाइकाला कंटाळा येतो.

ऑफिसात मोबाइल आत न्यायला बंदी होती. नव्या डिझाइनचा फोटो कोणी बाहेर पाठवला तर आठवड्यात तीच साडी दुसऱ्याच्या दुकानात लागते, म्हणून दारातला वॉचमन सगळ्यांचे फोन लाकडी खणांत ठेवून घ्यायचा. कॉम्प्युटरवर इंटरनेटही नव्हतं. म्हणून गायत्रीने तापीकाठच्या जुन्या बाजारातून एक इलेक्ट्रॉनिक डिक्शनरी आणली होती. कंपासपेटीएवढं राखाडी यंत्र, मिटवता-उघडता येणारं, आत बारीक बटणं आणि चार ओळी मावतील एवढा पडदा. ‘ब्यूटिफुल’ टाइप करून एक बटण दाबलं की खाली त्याच अर्थाचे शब्द यायचे. एलिगंट, ग्रेसफुल, एक्स्क्विझिट. गायत्री एकेक उचलायची आणि साडीला चिकटवायची. दुपार झाली की ते शब्दही ओळखीचे, वापरून वापरून धुतल्यासारखे दिसायला लागायचे. संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना समोरची पाटीसुद्धा वाचू नये असं तिला वाटे.

घरी, गोडादऱ्याच्या खोलीत, धुडकूआबा वाट बघत बसलेले असत. ते तिचे वडील. अमळनेरकडून तरुणपणी सुरतेला आले आणि कडोदऱ्याच्या लूम कारखान्यांत त्यांनी आयुष्य काढलं. लूमच्या खडखडाटाने हळूहळू त्यांचे कान गेले. सरलाबाई, गायत्रीची आई, होती तोवर ते फारसं जाणवलं नव्हतं. ती आवाज न चढवता, नुसते ओठ हलवून त्यांच्याशी बोलायची आणि त्यांना सगळं कळायचं. ती गेल्यावर गायत्रीला ते जमेना. साधं ‘भाजी काय करू’ विचारायचं तरी ओरडायला लागे आणि भिंतीपलीकडची रंजनाच आधी उत्तर देई. कानाचं मशीन आणून झालं होतं. त्यात शिट्टी वाजते म्हणून आबांनी ते काढून डब्यात ठेवलं. दिवसभर थकलेली गायत्री मग बोलायचंच टाळायची. दोघं जेवायचे, भांडी वाजायची, टीव्ही बिनआवाजाचा चालू असायचा.

एकदा ती भाकरी करत असताना आबांनी तिच्या पर्समधून ते यंत्र काढलं आणि बटणं दाबत बसले. त्यात शब्दांचे खेळही होते. एका खेळात रिकाम्या जागा दिसायच्या आणि अक्षरं ओळखून शब्द भरायचा. चुकलं की फाशीच्या खांबाला लटकलेल्या माणसाचा एकेक अवयव उमटायचा. गायत्रीने त्यांना तो खेळ उघडून दिला तो केवळ थोडा वेळ निवांत मिळावा म्हणून. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कारखान्यात कापडाच्या ताग्यांवर इंग्रजी अक्षरांचे शिक्के असायचे, त्यामुळे अक्षरं नजरेतली होती. ते अंदाजाने बटणं दाबू लागले. बहुतेक वेळा माणूस लटकायचा. कधी वाचला की ते तिला हाक मारून दाखवायचे.

“वाचना,” म्हणायचे, म्हणजे माणूस वाचला. आणि मग विचारायचे, “याना अर्थ काय शे?”

तिने त्यांच्या कानाशी वाकून अर्थ सांगायचा. कधी कधी आबा तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत, मान हलवत. त्या वेळेपुरतं घरात कोणीतरी बोलतंय असं वाटे.

पण त्याचाही तिला शीण व्हायला लागला. आबा आता दारातच हात पुढे करून उभे राहायचे. पर्स खांद्यावरून उतरायच्या आत यंत्र त्यांच्या हातात जायचं. तिने दिवसभर ज्या शब्दांशी झटापट केलेली असे त्यातलाच एखादा ते समोर धरायचे आणि अर्थ विचारायचे. एका संध्याकाळी तिने उत्तरच दिलं नाही. आबांनी दोनदा विचारलं, मग यंत्र मिटून बाजूला ठेवलं. तिला वाईट वाटलं, पण उठून त्यांच्या कानाशी जाण्याइतकं त्राण नव्हतं.

त्याच सुमारास ऑफिसात गडबड झाली. सणासाठी काढलेली नवी साडी, बाजारात यायच्या आधीच, दुसऱ्या व्यापाऱ्याच्या कॅटलॉगमध्ये दिसली. हितेनभाईंनी सगळ्यांची टेबलं बघितली. गायत्रीच्या टेबलावरचं यंत्र त्यांनी उचललं, उलटंसुलटं केलं. त्याच्या कडेला मेमरी कार्ड घालायची एक बारीक खाच होती. कॅमेरा नव्हता, ते त्यांनाही दिसत होतं. पण शेटजींनी सांगितलंय, मशीनवाल्याला दाखवू, चार दिवस इथेच राहू दे, असं ते म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले. गायत्रीला सांगता आलं असतं की हा नुसता शब्दकोश आहे, दोन वर्षं रोज तुमच्या डोळ्यांसमोर आहे. शेजारी बसणारी सोनाली, फोटो साफ करणारी, तिला कोपराने खुणावत होती. पण भांडायचं म्हणजे पुन्हा शब्द शोधायचे. गायत्रीने मान डोलावली आणि पुढचा फोटो उघडला. दिवसभर सगळे तिच्याशी जरा जपून बोलत होते.

घरी आबांनी हात पुढे केला.

ऑफिसवाल्यांनी ठेवून घेतलं, ती म्हणाली. त्यांना ऐकू आलं नाही. ती मोठ्याने म्हणाली. का, असं त्यांनी विचारलं. त्यांना वाटतं मी त्यांचे फोटो चोरले, असं ती ओरडून म्हणाली आणि पलीकडे रंजनाच्या घरातलं बोलणं थांबलेलं तिला ऐकू आलं. आबा कानामागे हात धरून अजूनही तिच्याकडे बघत होते.

“काय?”

“काही नही,” गायत्री म्हणाली आणि स्टोव्हकडे वळली.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपून थोडा वेळ झाला होता. सोनाली बाहेर जाऊन आली आणि हळूच म्हणाली, “गायत्री, तुझे वडील आलेत. तू ये बाहेर.”

बाहेर रिसेप्शनच्या सोफ्यावर आबा बसलेले नव्हते, उभे होते. इस्त्री केलेला सदरा, डोक्याला टोपी. कारखाना सुटल्यापासून ते गोडादऱ्याबाहेर एकटे कुठे गेले नव्हते. आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना अंदाज नसायचा, त्यामुळे ते जे बोलत होते ते मधल्या काचेतून आत सगळ्यांना ऐकू जात होतं. अहिराणी, मध्येच गुजराती, मध्येच हिंदी. रिसेप्शनवरची मुलगी हाताने त्यांना हळू बोला असं सुचवत होती आणि ते तिला, बस म्हणतेय असं समजून, नको नको म्हणत होते. गायत्रीला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. यंत्रासाठी इतक्या लांब आले, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्यांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात हितेनभाई बाहेर आले. आबांनी त्यांना हात जोडले.

“मनी पोर चोरी करस नही,” ते म्हणाले.

एवढंच सांगायला ते आले होते. सकाळी रंजनाने त्यांच्या कानात सगळं ओरडून सांगितलं होतं. गायत्री तिथेच दाराशी उभी राहिली. पुढे होऊन त्यांना आवरावं असं मघापासून तिला वाटत होतं. आता पाय निघेना.

हितेनभाई अवघडले. ते सांगू लागले की चोरी असं कोणी म्हटलेलं नाही, फक्त तपासणी आहे. आबांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. त्यांनी बोटांनी यंत्राचा आकार दाखवला, ते आणा म्हणून खूण केली. हितेनभाईंनी खणातून ते आणून दिलं, बहुधा लवकर आटपावं म्हणून. आबांनी ते उघडलं, खेळ लावला आणि पडदा त्यांच्यापुढे धरला.

हे बघा, ते म्हणाले, यात हे असं आहे. यात फोटो नाहीत.

पडद्यावर सात रिकाम्या जागा होत्या. आबांनी एक अक्षर दाबलं, चुकलं. दुसरं बरोबर आलं. तिसरं चुकलं, चौथं चुकलं, माणसाचं डोकं, धड, एक हात झाला. आबांच्या कपाळावर घाम आला. रिसेप्शनवरची मुलगी मान लांब करून बघत होती. हितेनभाई घड्याळाकडे बघत होते आणि मग बघता बघता त्यांनीही वाकून एक बटण दाखवलं. ‘एन’ दाबा काका, ते म्हणाले. बरोबर आलं. आणखी तीन अक्षरं त्यांनी सांगितली, त्यातली दोन चुकली. आबांनी शेवटचं अक्षर दाबलं, तेही चुकलं आणि माणूस लटकला. यंत्राने खाली शब्द दाखवला.

आबांनी सवयीने तो हितेनभाईंपुढे धरला. “याना अर्थ काय शे?”

“लँटर्न,” हितेनभाई म्हणाले. मग त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने, “फानस, काका. फानस.”

“कंदील,” आबा म्हणाले आणि मान हलवली.

हितेनभाईंनी यंत्र मिटून गायत्रीच्या हातात दिलं. आता हे ऑफिसात आणू नकोस, म्हणाले, शेटजींना उगाच शंका नको. तिने विचारलं, मग शब्द कुठून आणायचे. हितेनभाईंना हा प्रश्न खरंच नवा होता.

“कोई वांचतुं नथी, बेन,” ते म्हणाले. लोक फोटो बघतात आणि किंमत बघतात. चार-पाच शब्द ठरवून घे आणि तेच फिरवत राहा. आज घरी जा, यांना घेऊन जा.

गायत्रीने पर्स घेतली. खणातून फोन घेताना वॉचमनने तिच्याकडे बघायचं टाळलं. कोणीही वाचत नाही. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी रिकामी होऊन घरी जात होती, ती कशासाठी, हे तिला जिन्यात उतरताना नीटसं कळेना. राग यावा असं तिला वाटलं, पण राग यायलाही काहीतरी शिल्लक लागतं. आबा कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. ती त्यांच्या दोन पायऱ्या पुढे चालली.

बस रिकामी होती. आबांनी तिला खिडकीशी बसवलं. थोड्या वेळाने त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, “थकी गई का?”

एरवी ती मान हलवून नाही म्हणाली असती. आज तिने त्यांच्याकडे तोंड केलं आणि आईसारखे नुसते ओठ हलवून बघितले. त्यांना कळलं नाही. त्यांनी कानामागे हात नेला. तेव्हा ती ड्रायव्हरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हा आबा. भलती थकी गई.” पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं. आबांनी तिच्या हातातलं यंत्र घेऊन सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि तिच्या बाजूला सरकून बसले. तिने डोकं त्यांच्या खांद्यावर ठेवलं. सदऱ्याला इस्त्रीचा आणि घामाचा वास होता. तिला झोप लागली.

जाग आली ती बस थांबल्यावर, शेवटच्या स्टॉपला. बाहेर भलताच रस्ता दिसत होता. गोडादरा केव्हाच मागे पडला होता. कंडक्टर उतरा म्हणत होता. तिने घाईने पर्स सावरली आणि आबांना ओरडून विचारलं की स्टॉप आला ते दिसलं नाही का.

“दिखना व्हता,” आबा म्हणाले. “पन तू जपेल व्हती. तुनी झोप मोडी नही.”

ते उतरले. रस्ता ओलांडून पलीकडे परतीच्या बसचा स्टॉप होता. तिथे बाकावर ऊन होतं, तरी दोघं बसले. बस लवकर आली नाही. आबा एक हात तिच्या डोक्यावर सावलीसाठी धरून बसले होते आणि तिने त्यांना हात खाली घ्यायला सांगितलं नाही.