शहरभर पसरलेला अबोला

सकाळी डोळे उघडल्यापासून सूर्य माथ्यावर येईपर्यंत मी बोलत नाही. मौनाचं हे व्रत जुनं आहे, आणि त्याचा बोभाटा करायचा नाही हा त्याचाच एक भाग. पन्नाशीनंतर दुसरं लग्न ठरलं, तेव्हा ह्यांना मात्र ते सांगणं भाग होतं. ह्यांचं केस कापायचं दुकान. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की कात्रीच्या आधी ह्यांची जीभ सुरू होते. माझं ऐकून हे हसले आणि म्हणाले, काळजी नको, मी दोघांपुरतं बोलतो.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, एका संध्याकाळी मी शिवण घेऊन बसले होते आणि हे आतल्या खोलीत फोनवर माझ्या नणंदेशी बोलत होते. बाकी सगळं छान आहे गं, म्हणाले, सकाळ तेवढी फार लांब वाटते.

माझी सुई तिथेच थांबली. आपल्या व्रताचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर पडत असेल, तर देवाला ते कसं रुचेल? मी कुणाला काही बोलले नाही. पुढे आम्ही दोघं पहिल्यांदाच फिरायला म्हणून बाहेर पडलो, तेव्हा मनाशी ठरवलं की पहिल्या दिवशी ह्यांचा चेहरा नीट बघायचा. तो उतरलेला दिसला, तर देवाची क्षमा मागून उद्यापासून व्रत सोडायचं. म्हणून कधी न पाहिलेल्या त्या शहरात मी शहर कमी आणि नवराच जास्त बघत होते.

लॉजच्या मालकीणबाईंनी सकाळी विचारलं, झोप लागली ना? मी हसले, उत्तर ह्यांनी दिलं. खोलीत गरम पाणी आलं का, चहात साखर बेताची आहे ना, सगळ्याची उत्तरं ह्यांनीच दिली. मग बाईंनी ह्यांना बाजूला घेतलं, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. "पहिल्याच दिवशी अबोला? असं केलंत तरी काय तुम्ही?"

हे आता खरं सांगून मोकळे होतील, असं मला वाटलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मानेवर वस्तरा ठेवलेल्या गिऱ्हाइकासारखी मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं. रात्रभर घोरतो मी."

बाईंना दया आली. नदीवर जा, बोटीत बसवा, रुसवा निघेल, असं त्यांनी सांगितलं. इतकंच करून त्या थांबल्या नाहीत. नाक्यापर्यंत येऊन त्यांनी आम्हाला बसमध्ये चढवलं आणि ड्रायव्हरला बजावलं की ह्यांना धक्क्यावर नीट उतरव, बायको रुसली आहे.

झालं. सगळ्या बसला काम मिळालं. खिडकीजवळच्या आजोबांनी ह्यांना सल्ला दिला की आधी चूक कबूल करायची, कोणती ते मग सावकाश शोधायचं. मागच्या बाकावरची बाई माझ्या बाजूने उभी राहिली. अजिबात बोलू नका ताई, म्हणाली, थोडं माझ्या वाटचंही गप्प बसा. जो विचारेल त्याला हे नवा गुन्हा सांगत होते. आजोबांना सांगितलं, हिच्या भावाचे केस कापताना एक कान जरा जास्तच उघडा पडला. बाईला सांगितलं, हिच्या नव्या चपला घरीच विसरलो. त्या चपला माझ्या पायात होत्या. मी पाय बाकाखाली ओढले आणि हसू लपवायला खिडकीबाहेर तोंड केलं. बाहेर उतरता रस्ता होता, गच्च्यांवर चादरी वाळत होत्या, आणि एका शिंप्याच्या दुकानात बिनडोक्याचे पुतळे एकसारखे कोट घालून रांगेत उभे होते. हे कानाशी आले. "बघ, तुझी गिऱ्हाइकं आहेत. माझ्या काही उपयोगाची नाहीत."

धक्क्यावर उतरलो, तरी ड्रायव्हरने तिकीटवाल्या बाईंना लांबूनच ओरडून आमची हकिगत कळवली. त्यांनी आम्हाला बोटीत अगदी पुढचा बाक दिला.

बोट सुटली. पाणी इतकं रुंद होतं की पलीकडची घरं काड्यापेट्यांएवढी दिसत होती. वाऱ्याने माझा पदर उडायला लागला. आणि माझ्या लक्षात आलं, हे गप्प झाले आहेत. इतका वेळ ज्या चेहऱ्यावर मी डोळा ठेवला होता, तो पाण्याकडे वळला होता. सकाळ लांबली असणार. दमला असणार बिचारा जीव, दोघांपुरतं बोलून.

तेवढ्यात काठावरच्या मनोऱ्यात बाराचे ठोके पडले. मी मनात जुळवून ठेवलेलं वाक्य ओठांवर आणलं. "अहो, उद्यापासून मी..."

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब गं जरा. आत्ता कुठे मला जमायला लागलंय."

मी बाकावर ह्यांच्याकडे वळून बसले.

"तू गप्प असलीस की मला वाटायचं, मी एकटाच आहे," हे हळूच म्हणाले. "आज अख्खं शहर एका बाजूला होतं, आणि आपण दोघं दुसऱ्या बाजूला. एक शब्द न बोलता, चपला बाकाखाली लपवून किती हसवलंस मला. उद्या सकाळी मीही थोडा वेळ गप्प बसून बघणार आहे."

मग आम्ही दोघंही तसेच बसलो. पाण्यावर ऊन सांडलं होतं. माझं वाक्य कुठे गेलं, ते मी शोधलंही नाही.

तिकीटवाल्या बाई फेरी मारत आल्या, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आता हेही रुसले का, असं त्यांनी मलाच विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले, "बोलतोच आहोत आम्ही."

बाईंना ते काही पटलं नाही. पण काठ येईपर्यंत त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि पुढे येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला हाताने मागे सारत होत्या.