पांढऱ्या कागदावरची तपकिरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना टूथब्रश आहे. दात घासायचं माझं काम तीन महिन्यांतच सुटलं. तेव्हापासून विठ्ठलवाडीच्या एका चाळीत मोरीच्या कट्ट्यावर पडून असतो. कधी कंगवा घासतो, कधी नळ, कधी शिलाई मशीन. मला उचलणाऱ्या प्रत्येक हाताकडे मी आधी संशयानेच पाहतो.

२००६ सालची गोष्ट. घरातल्या कीर्तीने शेजारच्या यशोधराताईंचे बदामी स्वेडचे बूट कुळगावच्या लग्नाला नेले होते. स्वेड म्हणजे घासून मखमलीसारखी लव काढलेलं कातडं. एका बुटावर भज्याचं तेल सांडलं. दुसऱ्या दिवशी ताईंच्या नव्या नोकरीचा पहिला दिवस होता आणि त्या हेच बूट घालणार होत्या. त्याच संध्याकाळी पाच वाजता त्या ते न्यायला येणार होत्या.

"साबणाच्या पाण्यात बुडव नि उन्हात टाक," कीर्तीची आई विठाबाई म्हणाली.

"नको, कडक होतील." रसायनशास्त्र शिकलेल्या कीर्तीने डागावर टाल्कम पावडर दाबून ठेवली. दोन तासांत पावडरने तेल ओढून घेतलं. ती झटकायला आईने मला पुढे केलं.

मी हादरलो. वरून स्वच्छ दिसत असलो, तरी माझ्या केसांच्या मुळाशी कलप बसला होता.

कीर्तीने माझा वास घेतला. "ह्याने काय काय घासलंय?"

"धुतलाय मी तो."

"घासलंय काय, ते विचारतेय."

"बीएस्सी झालीस का पोलिसात भरती झालीस गं? आईवर संशय!"

कीर्तीने मला ओलं करून पांढऱ्या कागदावर दाबून ओढलं. तपकिरी रेघ उमटली.

"अगं बाई, पप्पांचा कलप!" आईचा आवाज एकदम खाली आला.

कीर्तीने नवा ब्रश पाकिटातून काढला. तोही आधी टाचेच्या आतल्या बाजूला फिरवून पाहिला, मगच डागावर, कोरडाच.

पाच वाजता ताई आल्या. कीर्तीने तेलाचं सगळं सांगून टाकलं. ताईंनी बूट खिडकीशी नेऊन त्यावर बोट फिरवलं. "मग हा काळपट पट्टा कसला?"

कीर्तीने उलट बोट फिरवलं. पट्टा गेला. "लव आडवी झाली की रंग गडद दिसतो, ताई."

ताईंनी स्वतः तीनदा करून पाहिलं, तेव्हा कुठे हसल्या आणि बूट घेऊन गेल्या.

त्यानंतर कीर्तीने माझ्या दांडीवर पेनाने 'कलप' असं लिहिलं. मला वाईट वाटलं नाही. मित्रांनो, नाजूक वस्तू जपायची असेल, तर तिच्यावर फिरणाऱ्या ब्रशवरही संशय घ्या. आधी आम्हाला तपासा. आम्हाला खोटं बोलता येत नाही. पण विचारल्याशिवाय खरंही सांगता येत नाही.